हिडन फिल्डचं व्हॅलिडेशन लागत नाही, लागलं तर एरर दिसत नाही: नेमकं काय करायचं

प्रश्न थोडक्यात असा आहे. फॉर्ममध्ये तालुक्यासाठी एक टेक्स्ट बॉक्स आहे, टाइप करायला लागलं की खाली लिस्ट येते, लिस्टमधून निवडलं की त्या तालुक्याचा आयडी एका हिडन, म्हणजे स्क्रीनवर न दिसणाऱ्या फिल्डमध्ये जाऊन बसतो. हिडन फिल्डला रिक्वायर्ड (भरलंच पाहिजे) लावलंय, जेक्वेरी व्हॅलिडेशन हे फॉर्म तपासणारं प्लगिनही आहे, तरी युजरने काहीच निवडलं नाही तरी फॉर्म सरळ सबमिट होतो. मग कुठेतरी वाचून प्लगिनचं इग्नोर, म्हणजे कुठली फिल्ड तपासायची नाहीत ते ठरवणारं सेटिंग बदललं तर आता सबमिट होत नाही पण एररही कुठे दिसत नाही, बटण दाबत बसायचं आणि काहीच घडत नाही.

यात दोन वेगळे प्रॉब्लेम आहेत आणि बहुतेक उत्तरं फक्त पहिला सोडवून थांबतात. चेक लागणं ही एक गोष्ट, आणि चेक फेल झाल्यावर समोरच्या माणसाला काय चुकलं, कुठे चुकलं ते कळणं ही दुसरी. माझं कामच फॉर्मचं आहे, अ‍ॅडमिशनचे, सरकारी योजनांचे, बँकेचे, त्यामुळे स्पष्ट सांगतो, दुसरी गोष्ट जास्त महत्त्वाची आहे आणि तिच्याकडेच कोणी बघत नाही.

आधी ब्राउझरचं बघू. एचटीएमएलच्या स्टँडर्डमध्येच लिहिलंय की टाइप हिडन असलेल्या इनपुटला ब्राउझर व्हॅलिडेशन करणार नाही. रिक्वायर्ड त्याला लागूच होत नाही, तुम्ही लिहिलंत तरी ब्राउझर ते बघत नाही. विल-व्हॅलिडेट ही प्रॉपर्टी ब्राउझरच्या कन्सोलमध्ये (डेव्हलपरसाठीच्या खिडकीत) तपासा, फॉल्स येईल, चेक-व्हॅलिडिटी कॉल केलं तर रिकामं असूनही ट्रू येईल, आणि सेट-कस्टम-व्हॅलिडिटीने त्याच्यावर मेसेज टाकलात तरी फॉर्म अडणार नाही. यामागचं कारण सरळ आहे, युजरला जे दिसत नाही ते दुरुस्त करायला त्याला कसं सांगणार. डिसेबल्ड आणि रीडओन्ली फिल्डलाही हेच लागू आहे, फरक इतकाच की डिसेबल्ड फिल्ड सर्व्हरला जातच नाही, रीडओन्ली जातं. खूप जण डेटपिकरच्या बॉक्सला रीडओन्ली करतात म्हणजे हाताने टाइप करता येऊ नये, आणि मग रिक्वायर्ड चालत नाही म्हणून डोकं धरून बसतात, त्याचं कारण हेच.

पण तुम्ही साधा टेक्स्ट बॉक्स घेऊन त्याला सीएसएसने डिस्प्ले नन करून लपवलं असेल तर गोष्ट उलटी होते. ब्राउझरच्या दृष्टीने ते हिडन टाइपचं फिल्ड नाहीच, तो साधा टेक्स्ट बॉक्स आहे, त्यामुळे रिक्वायर्ड लागतं, फॉर्म अडतो, ब्राउझर त्या बॉक्सवर फोकस नेऊन फुगा दाखवायला जातो आणि तो बॉक्स स्क्रीनवर नाहीच. क्रोमच्या कन्सोलमध्ये तेव्हा 'अ‍ॅन इनव्हॅलिड फॉर्म कंट्रोल इज नॉट फोकसेबल' अशा अर्थाची एक लाल ओळ येते, त्यात फिल्डचं नाव पण असतं. युजरला मात्र काहीही दिसत नाही. बटण दाबल्यावर काहीच होत नाही अशी तक्रार आली की मी पहिल्यांदा कन्सोल उघडून हीच ओळ शोधतो, आणि बहुतेक वेळा ती तिथे असते.

आता प्लगिन. जेक्वेरी व्हॅलिडेशन फॉर्मवर स्वतःच नोव्हॅलिडेट लावून ब्राउझरचं व्हॅलिडेशन बंद करतं, म्हणजे पुढचे सगळे निर्णय त्याचे. २०११ मध्ये आलेल्या १.९ व्हर्जनपासून त्याच्या इग्नोर या सेटिंगची डिफॉल्ट व्हॅल्यू ':हिडन' झाली, त्याच्या आधी सगळी फिल्ड तपासली जायची. ही ':हिडन' म्हणजे फक्त टाइप हिडन नव्हे, जेक्वेरीच्या भाषेत डिस्प्ले नन असलेलं, किंवा ज्याचा बाहेरचा डबा डिस्प्ले नन आहे असं सगळं त्यात येतं. व्हिजिबिलिटी हिडन किंवा ओपॅसिटी शून्य असलेलं मात्र येत नाही, कारण ते पानावर जागा घेतं. चोझन आणि सिलेक्ट-टू या ड्रॉपडाउन सजवणाऱ्या लायब्ररी घ्या. चोझनने सजवलेला ड्रॉपडाउन तपासला जात नाही, मूळ सिलेक्टला चोझन डिस्प्ले नन करतं, आणि सिलेक्ट-टू च्या चौथ्या व्हर्जनमधला तपासला जातो, कारण ते मूळ सिलेक्टला एका पिक्सेलएवढं कापून ठेवतं, लपवत नाही. एकाच पानावर एक ड्रॉपडाउन तपासला जातोय आणि दुसरा नाही, असं दिसलं की हे आठवा.

त्यामुळे नेटवर सगळीकडे मिळणारं उत्तर, इग्नोरला रिकामा अ‍ॅरे द्या, हे बरोबर आहे पण मला ते आवडत नाही. त्याने पानावरचं झाडून सगळं तपासलं जातं, बंद टॅबमधलं, 'इतर' निवडल्यावरच उघडणाऱ्या बॉक्समधलं, टेम्प्लेट म्हणून लपवून ठेवलेल्या ओळीतलं, सगळं. मग खुल्या प्रवर्गातला विद्यार्थी फॉर्म भरतोय आणि न दिसणारा जात प्रमाणपत्र क्रमांक रिकामा आहे म्हणून त्याचा फॉर्म अडतो. त्यापेक्षा इग्नोरमध्ये असं सिलेक्टर द्या की ':हिडन' सगळं सोडा पण एक ठरावीक क्लास असलेलं सोडू नका, म्हणजे ':हिडन' च्या पुढे नॉट लावून त्यात तो क्लास. मी त्या क्लासला 'तपासा' असं सरळ मराठी नाव रोमन अक्षरांत देतो, नवीन आलेल्या मुलांनाही लगेच कळतं. ज्या हिडन फिल्डला तो क्लास तेवढंच तपासलं जाईल.

डॉट-नेट एमव्हीसी (मायक्रोसॉफ्टचं वेब फ्रेमवर्क) वापरणाऱ्यांसाठी एक गोष्ट, कारण तिथे हे सेटिंग 'लागत नाही' असं खूप जण म्हणतात. अनऑब्ट्रूसिव्ह व्हॅलिडेशनची फाइल डॉक्युमेंट रेडी होताच फॉर्म वाचून मोकळी होते, त्यामुळे सेट-डिफॉल्ट्सने इग्नोर बदलायचं असेल तर ते व्हॅलिडेटच्या फाइलनंतर पण रेडीच्या बाहेर, उघड्यावर लिहायचं. रेडीच्या आत लिहिलंत तर वेळ गेलेली असते. तेव्हा फॉर्मच्या डेटामधून व्हॅलिडेटर काढून त्याच्या सेटिंग्जमध्ये इग्नोर बदलावं लागतं.

इथपर्यंत चेक लागला. आता दाखवायचं कुठे.

मी कुठल्याही हिडन फिल्डकडे बघताना एकच प्रश्न आधी विचारतो: यातली व्हॅल्यू कोणी घातली? युजरने काहीतरी केल्यामुळे आली, म्हणजे लिस्टमधून निवडलं, नकाशावर पिन टाकली, सही केली, तारे दिले, फाइल अपलोड केली? की तुमच्या प्रोग्रामने घातली, म्हणजे रेकॉर्डचा आयडी, टोकन, रक्कम, व्हर्जन नंबर? पहिल्या प्रकारात एरर युजरला सांगायची आणि ज्या दिसणाऱ्या वस्तूला त्याने हात लावला किंवा लावायला हवा होता तिच्याशी सांगायची. दुसऱ्या प्रकारात युजरने काहीच चुकवलेलं नाही, त्याला 'अ‍ॅप्लिकेशन आयडी आवश्यक आहे' असं लाल अक्षरात सांगणं म्हणजे आपली चूक त्याच्या माथी मारणं आहे. हे दोन प्रकार एकाच पद्धतीने हाताळले जातात तिथेच सगळा घोळ सुरू होतो.

तुमचा तालुका पहिल्या प्रकारातला. प्लगिन डिफॉल्टने एररचं लेबल त्या एलिमेंटच्या लगेच पुढे घालतं. हिडन इनपुट कुठे लिहिलंय त्यावर मग सगळं अवलंबून, फॉर्मच्या अगदी वरती सगळे हिडन एकत्र लिहायची सवय असेल तर मेसेज पानाच्या डोक्यावर कुठेतरी येतो, आणि ते इनपुट एखाद्या लपवलेल्या डब्यात असेल तर मेसेजही त्याच डब्यात जन्मतो आणि दिसतच नाही. तुमचं हेच झालंय असं दिसतंय. त्यात भर म्हणजे प्लगिन चुकलेल्या फिल्डवर फोकस न्यायच्या आधी ते दिसतंय का बघतं, दिसत नसेल तर फोकस नेत नाही, त्यामुळे पान हलतही नाही.

उपाय असा. प्रत्येक हिडन फिल्डवर एक डेटा-अ‍ॅट्रिब्यूट ठेवा, त्यात त्याच्या दिसणाऱ्या जोडीदाराचा आयडी. मग एरर-प्लेसमेंट या फंक्शनमध्ये तो अ‍ॅट्रिब्यूट असेल तर मेसेज त्या जोडीदाराच्या खाली टाका, नसेल तर नेहमीसारखं. हायलाइट आणि अनहायलाइट ही दोन फंक्शन्सही तशीच बदला, म्हणजे लाल बॉर्डर दिसणाऱ्या बॉक्सला येईल, न दिसणाऱ्याला लाल करून काय उपयोग. आणि इनव्हॅलिड-हँडलरमध्ये एरर-लिस्टमधलं पहिलं एलिमेंट बघा, ते हिडन असेल तर जोडीदारावर फोकस न्या. जोडीदार बॉक्स नसून नकाशाचा डिव्ह असेल तर त्याला टॅबइंडेक्स उणे एक द्या, मग त्यावर फोकस नेता येतो. डोळ्यांनी न बघता स्क्रीन रीडरवर फॉर्म भरणाऱ्यांसाठी त्याच जोडीदारावर एरिया-इनव्हॅलिड ट्रू आणि एरिया-डिस्क्राइब्ड-बाय मध्ये मेसेजचा आयडी हवा. हिडन इनपुटवर हे सगळं लावलेलं मी खूप ठिकाणी पाहिलंय, तिथे ते कोणालाच ऐकू येत नाही. वेबसाइट सगळ्यांना वापरता याव्यात यासाठीच्या डब्ल्यूसीएजी या नियमावलीतला ३.३.१ हा नियम हेच सांगतो, कुठली गोष्ट चुकली ते ओळखता आलं पाहिजे आणि शब्दात सांगितलं पाहिजे.

इतकं केल्यावर पुढची तक्रार हमखास येते, 'निवडलं तरी लाल मेसेज जात नाही'. कारण जावास्क्रिप्टने व्हॅल्यू बदलली की चेंज किंवा इनपुट यातला कुठलाही इव्हेंट आपोआप उडत नाही. प्लगिन पुन्हा तपासायला कीबोर्डच्या आणि फोकस जाण्याच्या इव्हेंटची वाट बघत असतं, आणि हिडन फिल्डवर ते कधीच येणार नाहीत. लिस्टमधून निवडल्यावर आयडी घातलात की लगेच त्याच हिडनवर व्हॅलिड हे फंक्शन कॉल करा, मेसेज त्याच क्षणी जाईल. रिअ‍ॅक्ट हुक फॉर्म वापरत असाल तर तिथेही सेट-व्हॅल्यू नुसतं केलं तर तपासत नाही, त्याला शुड-व्हॅलिडेट ट्रू असं सांगावं लागतं.

प्लगिनच नको असेल तर मी त्याहून सोपं सुचवतो, हिडनला तपासूच नका. आयडी रिकामा असेल तर दिसणाऱ्या टेक्स्ट बॉक्सवरच सेट-कस्टम-व्हॅलिडिटी करून 'लिस्टमधून तालुका निवडा' असा मेसेज ठेवा, निवडलं की त्याच फंक्शनला रिकामी स्ट्रिंग द्या. ब्राउझर स्वतः फॉर्म अडवेल, स्वतः फोकस नेईल, फुगाही बरोबर जागी येईल. रिकामी स्ट्रिंग द्यायला विसरलात तर मात्र फॉर्म कायमचा अडकतो. आणि सबमिट करताना कोडमधून फॉर्म डॉट सबमिट कॉल करत असाल तर तो कॉल व्हॅलिडेशन पूर्ण टाळून जातो, सबमिटचा इव्हेंटही उडत नाही, त्याच्या जागी रिक्वेस्ट-सबमिट वापरा.

आता खरी धोक्याची गोष्ट सांगतो, आणि ती रिकाम्या हिडनपेक्षा जास्त वाईट आहे: हिडन भरलेलं आहे पण चुकीचं आहे.

महाराष्ट्रात कर्जत नावाचे दोन तालुके आहेत, एक रायगडमध्ये, एक अहिल्यानगर म्हणजे आधीच्या अहमदनगरमध्ये. खेड पुण्यातही आहे आणि रत्नागिरीतही. मालेगाव नाशिकचं आणि वाशिमचं, सेलू परभणीचं आणि वर्ध्याचं. म्हणूनच तर आयडी लागतो, नुसत्या नावावर भागत नाही. आता बघा काय होतं. एका मुलीने 'कर्ज' टाइप केलं, लिस्टमध्ये पहिलं आलं ते घाईत टिचकी मारून निवडलं, ते रायगडचं होतं. हिडनमध्ये रायगडच्या कर्जतचा आयडी बसला. मग बॉक्समध्ये 'कर्जत, रायगड' दिसल्यावर तिच्या लक्षात आलं, तिने पुढचं 'रायगड' खोडलं आणि हाताने 'अहिल्यानगर' लिहिलं, आणि लिस्टकडे न बघता पुढच्या बॉक्सवर गेली. स्क्रीनवर आता बरोबर नाव दिसतंय, हिडनमध्ये जुनाच आयडी आहे, रिक्वायर्डचा चेक आनंदाने पास होतो. कोणालाही एरर दिसत नाही, तिला नाही, तुम्हाला नाही, सर्व्हरलाही नाही, कारण रायगडचं कर्जत हा पूर्ण वैध तालुका आहे. कळतं केव्हा, तर मेरिट लिस्ट लागल्यावर, किंवा योजनेचे पैसे अडकल्यावर, आणि तेव्हा ती मुलगी ऑफिसात सांगत असते की मी बरोबरच भरलं होतं, आणि ती खरं सांगत असते.

त्यामुळे टेक्स्ट बॉक्समध्ये एक अक्षर जरी बदललं तरी त्या क्षणी हिडन रिकामं करा. इनपुट इव्हेंटवर रिकामं, लिस्टमधून निवडल्यावर भरलेलं, मधली कुठलीच अवस्था नको. जेक्वेरी यूआयच्या ऑटोकम्प्लीटमध्ये चेंजच्या वेळी आयटम नल आला तर काही निवडलेलं नाही हे कळतं, पण मी तेवढ्यावर विसंबत नाही, इनपुटलाच बांधतो. शिवाय निवडल्यावर बॉक्सच्या खाली 'निवडलेला तालुका: कर्जत, जिल्हा रायगड' असं साध्या अक्षरात दाखवतो, आणि ते वाक्य हिडनमधल्या आयडीवरूनच तयार होतं. म्हणजे जे सर्व्हरला जाणार आहे तेच माणसाच्या डोळ्यासमोर आहे. हिडन फिल्डच्या बाबतीत मी याहून उपयोगी काही केलेलं नाही, बाकी सगळं एका बाजूला आणि ही एक ओळ एका बाजूला.

मेसेज पण तसाच लिहा. 'तालुका आयडी हे फिल्ड आवश्यक आहे' हे वाचून माणूस बॉक्सकडे बघतो, तिथे त्याने लिहिलेलं कर्जत दिसतंय, मग अजून काय हवंय याला? त्याऐवजी 'खालच्या लिस्टमधून तालुका निवडा, या नावाचे दोन तालुके आहेत' असं लिहिलं तर पुढे काय करायचं ते कळतं. बॉक्स पूर्ण रिकामा असेल तेव्हाचा मेसेज वेगळा, लिहिलंय पण निवडलं नाही तेव्हाचा वेगळा, हे दोन मेसेज तरी ठेवाच.

शिळ्या व्हॅल्यूची आणखी दोन ठिकाणं आहेत. फॉर्मचं रिसेट बटण हिडनला हात लावत नाही, कारण हिडनची व्हॅल्यू जावास्क्रिप्टने बदलली की थेट व्हॅल्यू अ‍ॅट्रिब्यूटच बदलतो, आणि रिसेट त्याच अ‍ॅट्रिब्यूटवर परत जातं. बॉक्स रिकामे दिसतात आणि आतला आयडी तसाच. रिसेट इव्हेंटवर हाताने रिकामं करा, किंवा ते बटणच काढून टाका, त्याचा उपयोग होताना मी फारसा पाहिलेला नाही. दुसरं म्हणजे सर्व्हरवरून एररसह फॉर्म परत आल्यावर बॉक्समधला मजकूर परत भरलेला असतो आणि हिडन मात्र भरायचं राहिलेलं असतं, किंवा उलट. लारावेल या पीएचपीच्या फ्रेमवर्कमध्ये ओल्ड हे फंक्शन दोन्हीकडे लावा. डॉट-नेटमध्ये हिडन-फॉर हेल्पर मॉडेलमधली नवीन व्हॅल्यू न घेता मॉडेल-स्टेटमधली आधी पोस्ट झालेली घेतो, कंट्रोलरमध्ये तुम्ही काहीही बदललंत तरी पानावर जुनंच येतं, तिथे ती एक की मॉडेल-स्टेटमधून काढावी लागते.

रिकामं नसणं म्हणजे बरोबर असणं नव्हे, याची दोन छोटी उदाहरणं. साध्या जावास्क्रिप्टने इनपुटच्या व्हॅल्यूला अनडिफाइन्ड दिलं तर त्यात 'अनडिफाइन्ड' हा शब्दच अक्षरांत जाऊन बसतो आणि रिक्वायर्ड खुश. फॉर्मडेटात नल टाकलं तर तसाच 'नल' हा शब्द जातो. आणि सहीच्या पॅडचं बघा, कोऱ्या कॅनव्हासलाही टू-डेटा-यूआरएल केलं तर लांबलचक स्ट्रिंग मिळते, त्यामुळे हिडन कधी रिकामं नसतंच, कोणी सहीची एक रेघ न मारता फॉर्म पुढे जातो. सिग्नेचर पॅड या लायब्ररीत इज-एम्प्टी आहे, ते विचारून मगच हिडनमध्ये घाला.

काही निवडल्यावरच उघडणाऱ्या बॉक्सबद्दल वर आलंच, तिथे मी हिडन-दिसणारं हा खेळच करत नाही. तो भाग एका फिल्डसेटमध्ये घालतो आणि नको असेल तेव्हा लपवण्यासोबत फिल्डसेट डिसेबल्ड करतो. त्याने तपासणीही थांबते आणि व्हॅल्यूही जात नाही. नुसतं लपवलं तर प्लगिनची तपासणी थांबते पण व्हॅल्यू जातेच, म्हणजे विद्यार्थ्याने आधी राखीव प्रवर्ग निवडून प्रमाणपत्र क्रमांक टाकला, मग खुला प्रवर्ग केला, तरी तो क्रमांक सर्व्हरवर पोचतो आणि छाननी करणाऱ्याच्या समोर विसंगत अर्ज येतो. पायऱ्या-पायऱ्यांच्या फॉर्ममध्येही शेवटच्या सबमिटला सगळ्या पायऱ्या तपासा, आणि चूक तिसऱ्या पायरीत असेल तर आधी ती पायरी उघडा, मग मेसेज दाखवा.

आता दुसरा प्रकार, प्रोग्रामने घातलेलं हिडन. यात ब्राउझरमध्ये तपासण्यासारखं काही नाही, सगळं सर्व्हरवर. आणि इथे एररपेक्षा मोठा प्रश्न विश्वासाचा आहे. हिडन म्हणजे फक्त स्क्रीनवर न दिसणारं, ब्राउझरमधलं डेव्हटूल्स उघडलं की कोणीही ते बदलू शकतं. २००० सालच्या फेब्रुवारीत इंटरनेट सिक्युरिटी सिस्टिम्स या कंपनीने शॉपिंग कार्टच्या अनेक सॉफ्टवेअरबद्दल इशारा दिला होता, त्यात वस्तूची किंमत हिडन फिल्डमध्ये ठेवलेली असायची आणि कोणीही ती कमी करून ऑर्डर टाकू शकत होतं. सीडब्ल्यूई या सॉफ्टवेअरमधल्या कच्च्या दुव्यांच्या यादीत याला ४७२ नंबर आहे. इतकी वर्षं झाली तरी फी, रक्कम, सवलतीचा टक्का, युजरचा रोल हे हिडनमध्ये ठेवलेले फॉर्म मी आजही तपासताना पाहतो, आणि दर वेळी तितकंच वाईट वाटतं. रक्कम हिडनमध्ये ठेवूच नका, सर्व्हरला आयडी द्या, रक्कम तो स्वतः काढेल. रेझरपे ही ऑनलाइन पेमेंटची सेवा घ्या, ऑर्डर सर्व्हरवर रक्कम रुपयांत नव्हे तर पैशांमध्ये देऊन बनवायची, परत येताना पेमेंट आयडी, ऑर्डर आयडी आणि सिग्नेचर बहुतेकदा हिडन फिल्डमधूनच पोस्ट होतात, आणि सर्व्हरने ऑर्डर आयडी, उभी रेघ, पेमेंट आयडी यांचा एचमॅक एसएचए २५६ (गुप्त किल्लीने काढलेला कोड) आपल्या सिक्रेटने काढून सिग्नेचरशी जुळवायचा. तिथे 'सिग्नेचर रिकामी नाही' एवढा चेक ठेवला तर तो चेक नाहीच.

तालुक्यालाही हेच, सर्व्हरवर आयडी टेबलमध्ये आहे का आणि निवडलेल्या जिल्ह्याचाच आहे का हे दोन्ही बघा. लारावेलच्या एक्झिस्ट्स नियमाला जिल्ह्याची वेअर अट लावता येते. डॉट-नेटमध्ये आयडी साधा इंट असेल तर रिक्वायर्ड लावूनही फिल्ड आलंच नाही तर शून्य पास होतो, तिथे नलेबल इंट करा किंवा रेंज एकपासून सुरू करा.

सर्व्हरने पकडलेली हिडनची चूक पानावर कुठे येते हेही बघून घ्या. जँगो हे पायथनचं फ्रेमवर्क पूर्ण फॉर्म स्वतः रेंडर करत असेल तर हिडनच्या एरर वरती काढतं, सुरुवातीला कंसात 'हिडन फिल्ड' आणि नाव लावून, निदान दिसतं तरी. पण एकेक फिल्ड हाताने टेम्प्लेटमध्ये मांडलंत तर त्या एरर कुठेच येत नाहीत, फॉर्म गुपचूप परत येतो. डॉट-नेटच्या व्हॅलिडेशन समरीला ट्रू दिलं, किंवा कोअरमध्ये मॉडेल-ओन्ली ठेवलं, की प्रॉपर्टीच्या एरर त्यातून गाळल्या जातात, आणि हिडनच्या शेजारी मेसेजचा स्पॅन कोणी ठेवलेला नसतो, परिणाम तोच. म्हणून सर्व्हर कोडमध्ये एक छोटं फंक्शन ठेवा, ज्या एररला पानावर जागा नाही त्या सगळ्या वरच्या डब्यात जातील.

त्या डब्यात युजरला काय सांगायचं? फॉर्मच्या सुरक्षेचं टोकन संपलं असेल तर 'पान बराच वेळ उघडं होतं, भरलेली माहिती तशीच आहे, पुन्हा सबमिट करा', आणि ती माहिती खरंच तशीच ठेवा. लारावेलमध्ये सेशन डिफॉल्टने १२० मिनिटांचं असतं, त्यानंतर '४१९ पेज एक्स्पायर्ड' एवढंच लिहिलेलं पान येतं, आणि सेवा केंद्रात एका बाजूला गिऱ्हाइकाची कागदपत्रं स्कॅन करत फॉर्म भरणाऱ्या ऑपरेटरला दोन तास सहज लागतात. त्याचं सगळं भरलेलं गेलं तर ते आपलं काम अर्धवट आहे म्हणून गेलं. बाकीच्या चुका, आयडी जुळत नाही, सिग्नेचर चुकली, या तपशिलात युजरला सांगू नका, 'काही अडचण आली, पान पुन्हा उघडा' एवढं पुरे, आणि नेमकं काय होतं ते लॉगमध्ये फिल्डच्या नावासकट लिहा.

स्पॅम रोखायला ठेवलेलं सापळ्याचं फिल्ड, जे रिकामंच राहायला हवं, त्याबद्दल एकच सांगतो, ब्राउझरचं ऑटोफिल ते भरून टाकू शकतं आणि खरा माणूस अडकतो. त्याला ईमेल, फोन अशी ओळखीची नावं देऊ नका, ऑटोकम्प्लीट बंद ठेवा, टॅबइंडेक्स उणे एक द्या, आणि अडवलेल्या सबमिशन काही दिवस नजरेखालून घाला.

तुमच्या फॉर्मवर हे लावून झालं की तपासायचा माझा क्रम सांगतो. आधी काहीही न निवडता सबमिट, मेसेज तालुक्याच्या बॉक्सखाली आला पाहिजे आणि कर्सर तिथे गेला पाहिजे. मग निवडून सबमिट न करता एक अक्षर खोडा, 'निवडलेला तालुका' ही ओळ त्याच क्षणी गेली पाहिजे. मग माउस बाजूला ठेवून नुसत्या कीबोर्डने, आणि मग फोनवर, कारण फोनच्या कीबोर्डवरची शब्द सुचवणारी पट्टी दाबून अख्खं नाव एकदम येतं, तेव्हा कीअपवर बांधलेला कोड नीट चालतोच असं नाही, इनपुट इव्हेंटवर बांधलेला चालतो. मग सबमिट करून दुसरंच एखादं फिल्ड मुद्दाम चुकवा, परत आलेल्या पानावर आयडी शिल्लक आहे का बघा. मग ब्राउझरचं बॅक. आणि शेवटी डेव्हटूल्समध्ये हिडनमध्ये दुसऱ्या जिल्ह्यातल्या तालुक्याचा आयडी घालून पाठवा, सर्व्हरने तो नाकारला पाहिजे आणि पानावर वरच्या डब्यात ते दिसलं पाहिजे.